आगाशे काका, एकास सत्याऐंशी

आमची कंपनी बाबांच्या दाढेतून निघाली. माहितीपत्रकात मी तसंच लिहिलं होतं, पण बाबांनी ते खोडून तिथे 'दीर्घ अनुभवातून' असं घातलं. खरी हकिगत मात्र दाढेचीच आहे.

बाबा म्हणजे कचरू ओव्हाळ. रेल्वेत बत्तीस वर्षं सिग्नल दुरुस्तीला होते. २०११ साली निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांची खालची दाढ सुजली. सदाशिव पेठेत डॉ. उत्कर्षा जेधे नावाच्या दंतवैद्य आहेत, त्यांच्याकडे मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

या डॉक्टरांना खेळण्यातल्या रेल्वेचा नाद. 'खेळण्यातली' म्हटलेलं त्यांना चालत नाही, 'मॉडेल रेल्वे' म्हणायचं. पेशंट बसतात त्या खोलीत चारी भिंतींना लागून त्यांनी फळी ठोकली होती, त्या फळीवर रूळ, आणि रुळांवरून निळ्या डब्यांची बोटभर उंचीची गाडी दिवसभर गोल गोल फिरायची. लहान मुलांनी रडू नये म्हणून ती ठेवलीय, असं त्या सांगायच्या. मुलं रडायचीच. फक्त गाडीकडे बघत रडायची.

दाढ काढून झाली. बाबांचा अर्धा चेहरा बधिर, गालात कापसाचा बोळा. अर्धा तास बाहेर बसा, असं डॉक्टर म्हणाल्या, म्हणून आम्ही बसलो. समोरून गाडी गेली. फळीवर एक इवलासा सिग्नल होता, तो तांबडा होता. बाबांनी मान वळवून बघितलं. गाडी पुन्हा आली, पुन्हा तांबडा ओलांडून गेली. बाबा उठून उभे राहिले. तिसऱ्या फेरीला त्यांनी खिशातला लाल रुमाल काढला, रुळापाशी जाऊन हात आडवा धरला आणि ओरडले, "आल हिघल हाय!"

गाडी काही थांबली नाही. ती बाबांच्या तळहाताला धडकली आणि इंजिनासकट तीन डबे शेजारी बसलेल्या एका बाईंच्या उघड्या पर्समध्ये पडले.

डॉक्टर हातात चिमटा घेऊनच बाहेर आल्या. "काय झालं?"

"आल हिघल हाय," बाबा म्हणाले.

"लाल सिग्नल आहे म्हणतायत," मी सांगितलं.

"अहो, तो शोभेचा आहे."

हे ऐकून बाबांनी बोळा काढून हातात घेतला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी त्यांच्या तोंडावर असं बोललं नव्हतं. "हिघल होभेचा नहतो!" ते म्हणाले. याचं भाषांतर मी केलं नाही, डॉक्टरांना ते समजलं होतं.

आठवड्याने जखम दाखवायला गेलो तेव्हा बाबांच्या खिशात काडेपेटी होती, आणि काडेपेटीत सिग्नल. छत्रीची काडी, आईचा केसातला आकडा आणि कुठल्याशा यंत्रातून काढलेला दाण्याएवढा दिवा. तो तांबडा झाला की पुढच्या हातभर रुळाचा वीजप्रवाह बंद, म्हणजे ड्रायव्हर असो नसो, गाडी थांबणारच. डॉक्टरांनी दोन पेशंट खोळंबवून तो बसवून घेतला. गाडी आली, थांबली, हिरवा झाला, निघाली. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागल्या. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघत होता.

तिसऱ्या खेपेला आईही आली. माझी आई चंपा. तिने सगळी फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली आणि म्हणाली, "ही झाडं कुठली?"

"जर्मनीची. पाइन," डॉक्टर म्हणाल्या.

"स्टेशनाला पिंपळ नाही?"

डॉक्टरांकडे पिंपळ नव्हता. बाजारातही नव्हता. आईने मग घरी तो केला: तांब्याच्या तारांना पीळ देऊन खोड, त्यावर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, हिरव्या रंगात बुडवलेली. खाली पारही बांधला. मातीसाठी चहाचा चोथा वाळवून चाळला, रुळाखालच्या खडीसाठी जाडी रांगोळी. पुढे मागणी वाढली तेव्हा माती कमी पडायला लागली, आणि बाबा दिवसाला सात कप चहा प्यायला लागले. कोणी टोकलं की "मालासाठी घेतोय" म्हणायचे.

मागणी वाढली ती डॉक्टरांमुळे. त्यांनी पिंपळाचे फोटो त्यांच्या हौशी मंडळींच्या गटावर टाकले. नागपूर, चेन्नई, कोलकाता करत करत ते परदेशात गेले. इंग्लंड-जर्मनीत भारतीय रेल्वेची मॉडेलं जमवणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांची इंजिनं हुबेहूब असली तरी ती उभी असायची पाइनच्या जंगलात. त्यांना पिंपळ हवा होता, चहाची टपरी हवी होती, पाण्याची टाकी, हातगाडी, फलाटावर झोपलेलं कुत्रं, सगळंच हवं होतं.

डॉक्टरांनी दवाखान्यावरचा पोटमाळा आम्हाला वापरायला दिला. घर आमचं विश्रांतवाडीला, तिथून रोज सकाळी आम्ही तिघं पेठेत यायला लागलो. बाबांनी दाराला पाटी लावली, 'ओव्हाळ लघुरेल्वे साहित्य'. इंग्रजी पत्रांवर मी नुसतं 'ओव्हाळ' लिहायचे. त्यावर एका इंग्रज गिऱ्हाइकाने कळवलं की तुमच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, पण कल्पना सुरेख आहे. त्यांच्यात अंड्याच्या आकाराच्या रुळाला 'ओव्हल' म्हणतात, आणि या धंद्यातल्या कंपनीला ते नाव अगदी शोभतं. बाबा म्हणाले, "बघ, साहेबाला आपलं आडनाव आवडलं." तेव्हापासून आम्ही परदेशात 'ओव्हल' आहोत.

राहता राहिली माणसं. डॉक्टरांच्या स्टेशनात सगळं होतं, पण फलाट कर्फ्यू लागल्यासारखा रिकामा. बाबा आईला म्हणाले, "चंपा, पाच-सहा प्रवासी कर. साधेच. नुसती माणसं."

"नुसती माणसं नसतात हो," आई म्हणाली. "कोणीतरी असतं."

डॉक्टरांची झिजलेली दात टोकरायची हत्यारं तिने मागून घेतली, पोटमाळ्याच्या खिडकीत बसली, आणि डोळ्याला भिंग लावून पुट्टीच्या गोळीतून माणूस कोरायला लागली. दाताचं माप घ्यायचा जो निळा लगदा असतो, त्यात साचा घ्यायचा आणि रेझिन ओतायचं, ही युक्ती डॉक्टरांची. प्रमाण एकास सत्याऐंशी. म्हणजे खरा माणूस सत्याऐंशी पट लहान केला की आमचा माणूस. दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. त्याला आई नाक काढायची, चष्मा काढायची, शर्टाच्या खिशातलं पेन काढायची.

नमुने कुठून आणायचे, हा प्रश्न आईला पडला नाही. खिडकीखालून जो जाईल तो. इस्त्रीवाला, क्लासच्या मुली, जिन्यात बसून कांदेपोहे खाणारा पोस्टमन. समोरच्या इमारतीतलं जोडपं तर दिवसातून सहा वेळा जायचं यायचं. आम्ही कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे सुचलंच नाही.

पहिल्या मोठ्या खेपेला कुरियरच्या ऑफिसात गंमत झाली. वस्तूंच्या रकान्यात मी लिहिलं, 'प्रवासी, पाचशे'. खिडकीवरच्या माणसाने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे कागद परत सरकवला.

"ताई, यांचे पासपोर्ट?"

ती खेप जर्मनीतल्या एका दुकानदाराची होती. त्याचं नाव उवे. आईने ते नाव घ्यायला साफ नकार दिला. "चांगल्या माणसाला काय डोक्यातल्या उवांवरून हाक मारायची? मी भाऊ म्हणेन." तेव्हापासून आमच्या घरात ते जर्मनीचे भाऊ. भाऊंच्या दुकानातून आमचे प्रवासी भराभर खपले, आणि त्यातही एकजण फार. त्याला भाऊंनी यादीत नाव दिलं होतं, 'चिडलेले गृहस्थ, छत्रीसह'. गाडी उशिरा आलीय हे ज्याच्याकडे बघून कळतं असा माणूस जर्मन लोकांना हवाच होता. कोणी एक घ्यायचं, कोणी पाच घेऊन पाच स्टेशनांवर उभे करायचं.

हे गृहस्थ म्हणजे समोरच्या इमारतीतले सुदर्शन आगाशे.

आगाशे काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी त्यांना लांबून येताना बघून भाजीवाले तराजू पुसायला घ्यायचे. त्यांची मुलगी शेफाली जर्मनीत नोकरीला. तिने एके दिवशी तिथल्या दुकानाच्या काचेत आपले बाबा उभे असलेले बघितले, आणि सुट्टीत येताना डबी घेऊनच आली.

मागच्या वर्षी जूनमधली गोष्ट. सकाळी साडेदहाला काका पोटमाळ्यावर आले. आमच्याकडे त्याआधी ते कधी आले नव्हते. त्यांनी आईच्या टेबलावर डबी ठेवली, चिमट्याने आतला माणूस काढून उभा केला.

"ओव्हाळ, हा कोण?"

"प्रवासी," बाबा म्हणाले.

"कुठे निघालाय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. आई भिंगातून खाली बघत राहिली.

"माझे तीन आक्षेप आहेत," काका म्हणाले, आणि खिशातून कागद काढला. त्यांनी ते लिहून आणले होते. "एक. छत्री डाव्या हातात आहे. मी उजव्या हाताने छत्री धरतो."

"उजव्या हातात तुमच्या दुधाची पिशवी असते," आई वर न बघता म्हणाली. "पिशवी ओतताना तुटायची, म्हणून नाही केली."

काकांनी क्षणभर विचार केला आणि पेन्सिलीने पहिला आक्षेप खोडला. "दोन. मी चिडलेला नाही. माझा चेहराच तसा आहे."

"यादीतलं नाव त्या दुकानदाराने दिलंय," मी घाईने सांगितलं.

"त्याला कळवा. तीन. हा मुख्य." त्यांनी दुसऱ्या खिशातून व्हर्नियर काढला. मापाचं ते चिमट्यासारखं पोलादी यंत्र त्यांनी माणसाच्या डोक्याला आणि पायाला लावलं. "एकोणीस पूर्णांक तीन मिलिमीटर. गुणिले सत्याऐंशी. किती?"

मी मोबाइल काढेपर्यंत त्यांनीच सांगितलं. "सोळाशे एकोणऐंशी. म्हणजे पाच फूट सहा इंच. माझी उंची पाच फूट आठ आहे. सर्व्हिस बुकात नोंद आहे. तुम्ही मला दोन इंचांनी खुजं करून जगभर विकलंय! मापात फरक म्हणजे काय असतं माहितेय का तुम्हाला? आमच्या वेळी दुकानाला सील लागायचं."

बाबा हवालदिल झाले. आईने मात्र भिंग काढून ठेवलं.

"काका, दारापाशी उभे राहता का जरा?"

"कशाला?"

"उभे राहा तर खरं. ताठ राहा, चप्पल काढून."

काका तरातरा जाऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. पोटमाळा इतका बुटका आहे की त्यांच्या केसांना वरची तुळई टेकायला आली. आईने त्यांच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, पेन्सिलीने खूण केली. "आता तुमच्याच टेपने मोजा," ती म्हणाली.

काकांनी खिशातून टेप काढून मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग टेपचं टोक मला धरायला लावून तिसऱ्यांदा मोजलं. पाच फूट सहा इंच आणि वर एक केस.

खालून दवाखान्यातल्या यंत्राचा आवाज येत होता.

"सर्व्हिस बुकातली नोंद एकोणिसशे बहात्तरची आहे," शेवटी काका हळू आवाजात म्हणाले.

"वयाने होतं काका तसं," आई म्हणाली. "माझे सासरे तर किती कमी झाले होते. आता तुम्ही बसा. दीक्षा, चहा टाक."

"तुम्ही मला खिडकीतून बघितलंत फक्त. टेप लावली नाहीत."

"नाही लावली."

"आणि एकोणीस पूर्णांक तीन."

"आलं तसं."

काकांनी आपल्या छोट्या प्रतिमेकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता रडतात की काय. पण त्यांनी कागदावरचा तिसरा आक्षेप काळजीपूर्वक खोडला, खाली सही केली, तारीख घातली. "बाई, तुमचं माप बरोबर आहे," एवढं म्हणून, चहा न घेताच ते जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते हजर. हातात व्हर्नियर आणि शंभर पानी वही. "पुढची खेप मी तपासणार," त्यांनी जाहीर केलं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं आणि काढणार तरी कसं? पहिल्याच आठवड्यात त्यांनी चाळीस म्हशी नापास केल्या. त्या त्यांच्या मते रेड्याच्या उंचीच्या होत्या. बाबा कुरकुरले, पण आईला हे मनापासून पटलं. तोवर तिच्या मापाची कोणी वहीत नोंद केली नव्हती.

यंदा जानेवारीत भाऊंचं पत्र आलं. ते मुंबईला कुठल्याशा प्रदर्शनाला येणार होते आणि एक दिवस पुण्यात येऊन आमचा 'कारखाना' बघणार होते.

आमच्या पत्रांवर 'ओव्हल इंडस्ट्रीज' असं छापलेलं होतं. आणि इंडस्ट्री म्हणजे साडेपाच फूट उंचीची एक खोली, आईचं टेबल, बाबांचं टेबल आणि वाळत घातलेला चहाचा चोथा.

"खाली माझ्या दवाखान्यात दाखवा," डॉ. जेधे म्हणाल्या. "पांढरे कोट आहेत, यंत्रं आहेत. पेशंटना सांगू जरा कामात असल्यासारखं करा."

"खोटं नको," बाबा म्हणाले. "तांबडा तर तांबडा. जे आहे ते दाखवू."

भाऊ आले. सहा फूट चार इंच, निळा अंगरखा, पाठीला पिशवी, चेहरा लहान मुलासारखा गुलाबी. जिना चढले, दारात उभे राहून दोन्ही हात जोडून "नमस्ते" म्हणाले, आणि पाऊल आत टाकताना त्यांचं कपाळ तुळईवर असं आपटलं की खाली दवाखान्यात कोणाची तरी दातातली चांदी हलली असेल. ते जागीच खाली बसले.

बाबा आणि मी त्यांना धरून खाली नेलं. डॉक्टरांनी रिकामी खुर्ची आडवी करून त्यांना झोपवलं, कपाळावर बर्फाची पिशवी ठेवली, डोळ्यांत दिवा मारून बघितला. "काही नाही, टेंगूळ आहे. पण थोडा वेळ पडून राहा. दिसायला नीट दिसतंय ना?" भाऊ इंग्रजीत म्हणाले, हो, अगदी नीट दिसतंय.

नेमके त्याच वेळी आगाशे काका आत आले. पाहुणे आल्याचं त्यांना कळलं होतं. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात दुधाची पिशवी, चेहरा त्यांचा नेहमीचा.

भाऊंनी बर्फ बाजूला केला. एकदा डोळे मिटले, उघडले. दोन वर्षं हा माणूस त्यांच्या घरच्या फलाटावर उभा होता. त्याच्यावरची धूळ त्यांनी रोज सकाळी ब्रशने झाडली होती. तो आता सत्याऐंशी पट मोठा होऊन चालत त्यांच्याकडे येत होता.

भाऊ किंचाळले.

आता, आगाशे काकांनी तरुणपणी जर्मन भाषेच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, तिन्ही पहिल्या वर्गात. त्यानंतर पन्नास वर्षांत त्यांना बोलायला एकही जर्मन मिळाला नव्हता. ती संधी आज समोर आडवी पडलेली होती. ते खुर्चीपाशी गेले, वाकले, आणि पहिल्या धड्यातलं वाक्य खणखणीत आवाजात जर्मनमध्ये म्हणाले. शेफालीने नंतर आम्हाला अर्थ सांगितला. "शुभ सकाळ. आपल्या आजीबाई अजून बागेत आहेत का?"

भाऊंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले. त्यांची आजी वारून वीस वर्षं झाली होती. आपण नेमके कुठे येऊन पोचलोय याचा त्यांना काही अंदाज लागेना.

एवढ्यात मागून काकांच्या पत्नी शैला काकू आल्या. दोन हातांत दोन भाजीच्या पिशव्या, पदर खोचलेला. 'दोन पिशव्यांसह महिला', यादीतला क्रमांक चौदा. भाऊंनी त्यांना बघितलं आणि बर्फाची पिशवी थेट तोंडावरच ओढून घेतली.

"काय झालंय यांना?" काकू म्हणाल्या. "तुम्ही काही बोललात का?"

"आजीची चौकशी केली," काका म्हणाले.

सगळा उलगडा करायला मला पंधरा मिनिटं लागली. इंग्रजीत, खुणांनी, आणि शेवटी बाबांनी आणलेल्या यादीवर बोट ठेवून. भाऊ हळूहळू उठून बसले. त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि सोडेनात. मग मोबाइल काढून आम्हाला त्यांच्या घरातली रेल्वे दाखवली. तळघरभर पसरलेली होती. डोंगर, बोगदे, पूल. एका स्टेशनावर काका छत्री घेऊन उभे. घाट ओलांडून पुढच्या स्टेशनावर काकू, दोन पिशव्या घेऊन एकट्याच. हे नवरा-बायको आहेत हे भाऊंना माहीत असायचं कारणच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. घरी गेल्या गेल्या दोघांना एका फलाटावर आणतो, असं त्यांनी काकांना जर्मनमधून वचन दिलं.

काकांनी ते काकूंना सांगितलं.

"मध्ये किती अंतर आहे?" काकूंनी विचारलं.

काकांनी भाऊंना विचारून हिशेब केला. "प्रमाणात धरलं तर सव्वा किलोमीटर."

काकू विचारात पडल्या. "हवा चांगली दिसतेय तिकडची," त्या म्हणाल्या. "राहू दे मला तिथेच."

दवाखान्यात सगळे हसले, भूल दिलेले पेशंटसुद्धा अर्ध्या तोंडाने. मग भाऊंनी विचारलं, हे सगळं कोरतं कोण? आपल्याकडे किती कारागीर आहेत?

बाबांनी घसा साफ केला. "आमचा डिझाइन विभाग..." त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली.

"मी," आई मराठीत म्हणाली.

ती दाराशी उभी होती. हात पुट्टीने भरलेले, भिंग कपाळावर सरकवलेलं. भाऊंनी तिच्याकडे बघितलं, मग काकांकडे, मग काकूंकडे, मग बाकावर बसलेल्या इस्त्रीवाल्याकडे, जो त्यांच्याकडे सातव्या डब्याच्या दारात लटकत होता. ते उठले. या वेळी जपून उठले. आईसमोर जाऊन कमरेत वाकले. तिने गोंधळून "जय भीम भाऊ" म्हटलं आणि हात पदराला पुसले.

पुढे भाऊंनी यादी नव्याने छापली. तीत प्रत्येक माणसाखाली बारीक अक्षरात आलं, 'शिल्पकार: चंपा ओव्हाळ, पुणे'. ती यादी बाबा मुद्दाम दोनदा विश्रांतवाडीच्या बसमध्ये विसरले. दोन्ही वेळा कंडक्टरने परत आणून दिली. काकांच्या आग्रहामुळे 'चिडलेले गृहस्थ' हे नाव बदलून 'वक्तशीर गृहस्थ' झालं. खप थोडा कमी झाला, पण काका म्हणाले, अचूकतेला किंमत द्यावीच लागते.

एप्रिलमध्ये भाऊंनी आईला त्यांच्या गावच्या प्रदर्शनाला बोलावलं. सोबत मी. तिने तिथे तीन दिवस लोकांसमोर बसून कोरायचं होतं. आई आधी नको म्हणाली, मग दोन स्वेटर घेतले, मग तिसरा घेतला. विमानात तिने हवाई सुंदरीला नीट न्याहाळलं आणि माझ्या कानात सांगितलं, "हिचा अंबाडा अवघड आहे."

प्रदर्शनाच्या गावाला जायला विमानतळावरून रेल्वे होती. फलाट स्वच्छ, गाडी मिनिटाला मिनिट वेळेवर. आई एका बाकावर टेकली. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ कान झाकणारी केसाळ टोपी घालून सॅंडविच खात होते. आईने पिशवीतून पुट्टीची गोळी काढली, हत्यार काढलं, भिंग चढवलं.

"आई, गाडी आली."

"हं."

गाडी आली, उभी राहिली, गेली. वीस मिनिटांनी दुसरी आली. मी बॅगा उचलल्या, तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"जाऊ दे गं तिला," आई म्हणाली. "याच्या टोपीचा एक कान राहिलाय अजून."